स्लीव्ह घातलेली तार

जुन्या वस्तू विकणाऱ्या चष्मिसच्या दुकानातून मी तो पॉवर सप्लाय उचलला तेव्हा तो चालू होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ज्याला त्याला वाटलं की हिलाच नीट बघता आलं नसेल. दुरुस्तीच्या टेबलाशी बसून माझे केस पिकलेत. जुनी वस्तू डोळ्यांदेखत चालवून बघितल्याशिवाय मी पिशवीत घालत नाही, आणि विकणारा चष्मिस असेल तर पिशवीत घातल्यावरही एकदा उघडून बघते. त्याच्याच टेबलावर मी सप्लाय लावला, गाडीचा बल्ब जोडला, बटण सावकाश फिरवलं. बल्ब पिवळा झाला, पांढरा झाला, दोन्ही काटे शहाण्यासारखे चढले आणि उतरले. घरी आणून टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी लावला तर मढं. समोरचा दिवा लागेना, काटे जागचे हलेनात. कान लावला तर पोटात बारीक गुणगुण, तेवढीच.

मी संशयी आहे असं आमचे हे म्हणतात. ते ट्रक चालवतात, घरापेक्षा रस्त्यावर जास्त असतात, आणि त्यांना सगळं जग भलंच दिसतं. माझा अनुभव वेगळा. बंद पडलेली वस्तू कधी खोटं बोलत नाही, ती घेऊन येणारा बोलतो. 'काही केलं नाही हो, आपोआप बंद पडलं' असं म्हणणाऱ्याच्या रेडिओतून मी चहाची साखर खरवडून काढलेली आहे. त्यामुळे मनात पाल चुकचुकली ती आधी चष्मिसच्या नावाने. वस्तू बांधून देताना तो दोनदा आत गेला होता. आत तसाच दिसणारा दुसरा डबा ठेवलेला नव्हता कशावरून?

एरवी मी तो डबा आठवडाभर बाजूला टाकला असता. पण मला घाई होती, आणि घाई भुंग्याची होती.

भुंगा म्हणजे माझ्या सासऱ्यांचा आवाज. मामंजींच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून ते टॉर्चएवढं एक यंत्र गळ्याला लावून बोलतात. यंत्र गुणगुणतं, ओठ शब्द बनवतात. त्या आवाजाला ना चढ ना उतार. लाडाने बोला की रागाने, सगळं एकाच पट्टीत. पहिल्या दिवशी मी त्याला भुंगा म्हटलं, तेव्हा ऑपरेशननंतर पहिल्यांदा मामंजी हसले होते. तसलं यंत्र बनवणारे आता बनवत नाहीत. आणि तेच बंद पडलं होतं. आत कुठेतरी शॉर्ट होता. असा शॉर्ट शोधायचा तर व्होल्टेज आणि करंट दोन्ही मोजून, थेंबाथेंबाने सोडावे लागतात, नाहीतर उरलंसुरलं सर्किटही जळतं. थेंबाथेंबाने देणारा डबा म्हणजेच पॉवर सप्लाय. आमचा जुना भंगारात गेला होता, म्हणून तर चष्मिसच्या पायऱ्या चढले.

आवाज मामंजींचा, पण गरज माझीही होती. आमचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. सगळी वस्ती मामंजींना मिस्तरी म्हणते. ऑपरेशननंतर टेबल माझ्याकडे आलं, ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून माझे हात बघत राहतात. खोली कागदावर त्यांची आहे. आणि माझ्या थोरल्या दिरांचा पंख्यांचा कारखाना बंद पडल्यापासून त्यांची नजर त्या खोलीवर होती. तोंडाने काही बोलले नाहीत. पण एकदा जाता जाता त्यांनी दाराची रुंदी वितीने मोजली, ती मी स्वयंपाकघरातून बघितली. वितीने दार उगीच कोणी मोजत नाही. मग एका रविवारी ते आले, मामंजींना घेऊन आतल्या खोलीत बसले आणि दार लोटून घेतलं. बाहेर भुंग्याची नुसती गुणगुण येत होती, शब्द एक कळेना. त्यानंतर भुंगा बंद पडला. मला काळजी एकच होती. हे दुकान गेलं तर मी पुन्हा कोणाच्या तरी हाताखाली, कोणाच्या तरी वेळेने. आणि मामंजींनी एकदा 'नाही' म्हटलं की या घरात विषय संपतो. ते 'नाही' त्यांच्या तोंडून निघावं म्हणून मला भुंगा हवा होता, तोही भाऊजींनी कोणा गिऱ्हाइकाला खोली दाखवायला आणण्याआधी.

सप्लाय उघडला. फ्यूज चांगला. बटण चांगलं. सिरीज बोर्डावर लावला. म्हणजे वाटेत एक बल्ब घालून वीज द्यायची, आत शॉर्ट असला तर बल्बच भडकून सांगतो. बल्ब अंधारातच राहिला. ट्रान्सफॉर्मरपर्यंत वीज येत होती, ट्रान्सफॉर्मरमधून बाहेरही पडत होती. पुढे मात्र काहीच पोचत नव्हतं. मोठ्या कपॅसिटरमागे धूळ साचलेली होती, आणि त्या धुळीत एका बोटाएवढी जागा स्वच्छ पुसलेली. तिथे वाकून बघितलं. ट्रान्सफॉर्मरची एक तार तिच्या जागेवरून सोडवून मागे वळवून ठेवली होती. तुटलेली नाही, सोडवलेली. आणि तिच्या उघड्या टोकावर हिरवी स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची बारीक नळी, चढवलेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उघडा डबा तसाच उचलून चष्मिसकडे गेले.

त्याने चष्मा कपाळावर ढकलला, डबा नाकाशी धरला आणि बराच वेळ आत बघत बसला. मग उलट माझ्यावरच चिडला. म्हणाला, ताई, तुम्ही बल्ब लावून बघितलात, मीही बघितला. मी आत गेलो तो दोरी आणायला. दोरी काय खिशात घेऊन फिरू?

मी म्हटलं, दोरी आणायला दोनदा जावं लागतं का?

"पहिली आखूड होती," तो म्हणाला. "आणि हे बघा, मला तुम्हाला फसवायचंच असतं तर मी तार कापून मोकळा झालो असतो. स्लीव्ह कशाला घातली असती? सुटलेली तार कुठे टेकू नये, कोणाला झटका बसू नये म्हणून जो स्लीव्ह घालतो, तो मी नव्हे. मी एवढा चांगला माणूस नाही."

 चष्मिसबद्दल मी जे जे म्हणत आले तेच तो पुरावा म्हणून पुढे करत होता. शिवाय सोल्डरचा डाग स्पिरिटने पुसून काढलेला होता. विकणारा माणूस बाहेरचं झाकण पुसतो, आतला सांधा नाही.

म्हणजे डबा माझ्या घरी आल्यावर कोणीतरी उघडला. परतीच्या वाटेवर मी एकेकाला डोळ्यांसमोर उभं केलं. आमचे हे गावाबाहेर. शेजारणीला पान्याचं तोंड कुठलं ते माहीत नाही. राहिले भाऊजी. डबा आणला त्याच संध्याकाळी ते आले होते. मी चहा टाकायला आत गेले, गॅस संपला, शेजारून सिलिंडर आणेपर्यंत बराच वेळ ते दुकानात होते. कारखान्यात ते वाइंडिंगला होते, म्हणजे सोल्डरिंग हातातलं. आणि भुंगा बंद पडल्यापासून दर एक-दोन दिवसांनी त्यांचा फोन, एकच प्रश्न: झाला का भुंगा दुरुस्त? बापाच्या तब्येतीची विचारपूस नाही, माझी नाही, फक्त भुंगा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं मला वाटलं. म्हातारा मुका राहिला की 'नाही' कोण म्हणणार? सगळं बिनबोभाट.

घरी येऊन मी मामंजींना विचारलं. म्हटलं, त्या संध्याकाळी भाऊजींनी हा डबा उघडला होता का? ते खिडकीबाहेर बघत राहिले. पुन्हा विचारलं, तर हाताने 'जाऊ दे' केलं. मला राग आला तसं वाईटही वाटलं. मुलाला पाठीशी घालताहेत, दुसरं काय. बाप तो बापच.

मी तार जागेवर लावली. दिवा लागला, काटे उठले. मग मी मुद्दाम भाऊजींना फोन केला आणि डबा सुरू झाल्याचं, उद्याच भुंगा उघडणार असल्याचं मोठ्याने सांगितलं. माझा अंदाज, ते काहीतरी निमित्त काढून सकाळीच हजर होतील. पण ते म्हणाले, "बरं झालं वहिनी. लवकर करा, बाबांना तुमच्याशी बोलायचंय." आणि आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी. मला ते कळेना. माणूस एवढा साळसूद असतो तेव्हा मी जास्त सावध होते.

सकाळी एका गिऱ्हाइकाची इस्त्री पोचवायची होती. मामंजींना आतून कडी लावून घ्यायला सांगितलं, कोणी आलं तर उघडू नका म्हटलं, भाऊजी आले तरीसुद्धा. सुनेने सासऱ्याला असं सांगावं का, तर नाही, पण सांगितलं. परत आले तेव्हा कडी आतून लागलेली होती. त्यांनीच उघडली. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी पॉवर सप्लायचं बटण दाबलं.

मढं.

सोल्डरिंग गनच्या स्टँडजवळ हात नेला तर ऊब लागली. गनची पिन बोर्डातून काढलेली होती, पण टोक अजून निवलं नव्हतं. झाकण काढलं. तीच तार, तशीच मागे वळवलेली, पुन्हा नवी हिरवी स्लीव्ह. सांधा स्पिरिटने पुसलेला.

मी या घरात आले तेव्हा मला स्क्रूला कोणत्या बाजूने पिळायचं तेही माहीत नव्हतं. पहिला धडा याच माणसाने दिला होता: सोडवलेली तार कधी उघडी ठेवायची नाही, कितीही घाई असो, उद्या तिथे कोणाचा हात जाईल सांगता येत नाही. ते दुष्टपणा करायला बसले तरी उघडी तार त्यांच्याच्याने ठेववली नसती. काखेत कळसा आणि मी गावभर वळसा घालून आले होते. चष्मिसला चोर ठरवलं, भाऊजींना ठरवलं, आणि ज्या खुर्चीतून हे झालं त्या खुर्चीकडे एकदाही बघितलं नव्हतं.

"तुम्ही?" मी म्हटलं.

मामंजी काही लपवायला गेले नाहीत. मान खाली घातली.

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला जास्त राग येतो. मी त्यांना काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. तुमचाच आवाज, मी त्याच्यासाठी दारोदार फिरतेय, आणि तुम्ही माझ्याच पाठीमागे माझं काम उलटं फिरवता, माझ्या हातावर भरवसा नाही, तर तसं सांगा, असं बरंच.  मी थांबले तेव्हा त्यांनी बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं. मग ते बोट भिंतीवरून फिरवलं, टेबलावरून, खणांवरून, दारावरून. आणि दाराशी आल्यावर हाताची वीत पसरून धरली.

दाराची वीत मी ओळखली. 

"भाऊजींना तुम्ही हो म्हणालात?"

त्यांनी मान हलवली. हो.

"त्या रविवारी? आत बसून?"

हो.

पुढचं मी एकेक विचारत गेले आणि ते मान हलवत, खुणा करत सांगत गेले. थोरल्यांना राहतं घर सोडावं लागणार होतं. जाऊबाई आणि मुलं घेऊन कुठे जायचं, हा प्रश्न होता. ते बापासमोर रडले. बापाने हो म्हटलं. आणि वर एक अट घातली: सुनेला मी सांगेन, माझ्या तोंडाने. तोवर तू कोणाला बोलायचं नाहीस, गिऱ्हाईक आणायचं नाहीस. भाऊजींनी ती पाळली. म्हणून ते फोन. बिचारे रोज वाट बघत होते की म्हाताऱ्याचा आवाज परत येतो कधी आणि ते मला सांगतात कधी. मी समजत होते त्याच्या अगदी उलट सगळं.

आणि मग भुंगा आपसूक बंद पडला. तोंडच नाही, तर तोंडाने सांगणार कसं? लिहून देता आलं असतं, पण शब्द तोंडाचा दिला होता, आणि त्या शब्दाच्या आडोशाला मामंजी बसले होते. जोवर भुंगा मुका, तोवर दुकान माझं. एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं, आणि ते वाचवायला त्यांनी स्वतःचा आवाज पणाला लावला होता. मी मात्र हात धुऊन त्याच आवाजाच्या मागे लागले होते. दुकान वाचवण्यासाठी.

मी स्टुलावर बसले. खोटं कशाला सांगू, मनात आलं की राहू दे ती स्लीव्ह. कोणाला कळणार आहे? चष्मिसने फसवलं म्हणायचं. त्याच्याबद्दल काहीही सांगा, लोक विश्वास ठेवतात. भाऊजींनी किती दिवस थांबावं? थकतील, दुसरी सोय बघतील. मामंजींना काय हवंनको ते मला खुणांनी कळतंच. एक माणूस गप्प राहिला तर माझं सगळं जागच्या जागी राहत होतं, आणि तो माणूस आपणहून गप्प राहायला तयार होता.

तेवढ्यात फोन वाजला. भाऊजी. मामंजी माझ्याकडे बघत होते. मी फोन उचलला.

"झाला का, वहिनी?"

मामंजींनी हळूच मान हलवली. नाही म्हण.

"आज होईल," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मामंजी उठून टेबलाशी आले. डब्यावर हात ठेवून उभे राहिले. मी तो हात उचलून बाजूला केला. इतक्या वर्षांत मी त्यांच्या हाताला असा हात लावला नव्हता.

"तुमचं तोंड बंद ठेवून मिळालेलं दुकान मला नको," मी म्हटलं. "ते मला रोज उघडावं लागेल. कसं उघडू?"

स्लीव्ह काढली, तार लावली. काटे उठले. भुंगा उघडून त्याला सप्लायच्या तारा जोडल्या, करंटचं बटण जवळजवळ बंद ठेवलं आणि अगदी थोडंसं व्होल्टेज सोडलं. करंटचा काटा लगेच मर्यादेला जाऊन टेकला, व्होल्टेजचा तळाशीच बसून राहिला. शॉर्ट होता तो तसाच होता. मी एकेका भागावर बोट टेकवत गेले. एक बारकासा कपॅसिटर कोमट लागला. मामंजींनीही बोट टेकवून बघितलं, माझ्याकडे बघून मान डोलावली. सवय. तो काढला, दुसरा लावला. काटा खाली आला आणि भुंगा टेबलावरच गुणगुणायला लागला.

झाकण बसवून मी तो त्यांच्या हातात दिला. ते नुसतेच धरून बसले. मी स्टूल ओढून त्यांच्या समोर बसले आणि सांगा म्हटलं.

त्यांनी भुंगा गळ्याला लावला, काढला, पुन्हा लावला.

"दुकान विकायला मी हो म्हटलं." तोच सपाट आवाज. डोळे भरून आले होते, पण भुंग्याला त्याचं काही नव्हतं. गाडी किती वाजता सुटेल ते सांगावं तसं त्याने ते सांगितलं. "त्याचं घर गेलं. माझ्याने बघवेना. तुला विचारलं नाही."

मला सगळ्यात जास्त ते शेवटचं लागलं. विकण्याचं नाही. ज्या टेबलाशी रोज मी बसते, त्या टेबलाविषयी मला सोडून सगळ्यांना विचारून झालं होतं, आणि मग मला सांगायला नको म्हणून त्यांना मुकं व्हावंसं वाटलं होतं. विचारणं एवढं अवघड होतं?

"मग आता विचारा," मी म्हटलं.

 भुंगा गळ्याशी नुसता गुणगुणत होता. एकदा ओठ हलले, शब्द जुळला नाही. मग जुळला.

"विकू का, पोरी?"

जाऊबाईंचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला, सामान बांधतानाचा. मी तो येऊ दिला, झटकला नाही.

"नाही," मी म्हटलं. "मागच्या दोन खोल्या आहेत. त्यांनी इथे यावं. आपण सगळे अडचणीत राहू. पण ही खोली नाही."

मामंजींनी भुंगा खाली ठेवला, डोळे पुसले, पुन्हा उचलला.

"थोरल्याला फोन लाव," ते म्हणाले. "मी बोलतो."